वाचनकक्षातलं हरीण

ऐका, मधे कुणी बोलायचं नाही, नाहीतर मी शेवट आधी सांगून टाकीन आणि मग सगळी मजा जाईल.

तर माझे मल्लूकाका भरतनाट्यम शिकतायत, हे मला कळलं तेव्हा मी वाचनालयाच्या काउंटरवर होते आणि तोंडातला चहा सरळ कीबोर्डवर गेला. तुम्ही मल्लूकाकांना बघितलं नाहीये म्हणून गप्प बसलायत. आमच्या कसबा हिरण्यात बाजाराच्या टोकाला मिरची कांडपाचा डंक आहे ना, तो त्यांचा. दिवसभर ते लोखंडी मुसळ धडाम धडाम, हवेत तिखट, काकांच्या मिशांवर तिखट, भुवयांवर तिखट. हा माणूस सख्ख्या भावाच्या वरातीतसुद्धा नाचला नाही, बाजूला उभा राहून बँडवाल्याला सूचना देत होता. आणि स्क्रीनवर काय? मुदत उलटलेल्या पुस्तकांच्या यादीत, ‘हातांची भाषा, विषय: नृत्य, सभासद: मल्लिकार्जुन बाळाप्पा चौगुले.’

मी खुर्चीतून उठलेच. "सर! मल्लूकाका नाच—"

"शिवलीला," नदाफ सर म्हणाले. सर आमचे ग्रंथपाल. चष्मा कपाळावर, नजर पेपरात, पण कान तिसऱ्या खोलीपर्यंत. "कोण काय वाचतं ते काउंटरच्या अलीकडं राहतं. पलीकडं गेलं की तू पण पलीकडं."

म्हणजे नोकरी गेली. आणि मी कोण? जिला वाढदिवसाचा केक गुपचूप आणायला सांगितला तर दुकानातूनच फोन करून फ्लेवर विचारते, ती. तीन महिने मी हे पोटात ठेवलं. तीन महिने! काकू घरी येऊन आईला सांगायच्या, "अगं, हे दार लावून आरशासमोर हात हलवत उभं असतात, एखाद्या जाणत्याला दाखवू का?" आणि मी तोंडात भाकरी कोंबून बसायचे.

थांबा, आधी कवाड सांगते. तुम्ही शहरातले, तुमच्या कंपन्या साइटींचे पैसे भरतात, त्यामुळं तुम्हाला त्याची गरजच पडत नाही.

एआयच्या बॉट्सनी वेबवरचं सगळं वाचून फस्त करायला सुरुवात केली तेव्हाचं आठवतंय ना? एखाद्या साइटवर दिवसाला हजार माणसं यायची आणि कोटभर बॉट. साइटवाले वैतागले, एकामागून एक दारं लावली. माणूस असशील तर पैसे भर, नाहीतर चालायला लाग. औषधांची माहिती बंद, अभ्यासाचे व्हिडिओ बंद, पंप दुरुस्तीची चित्रंसुद्धा बंद. आमच्यासारखी गावं सरळ अंधारात गेली. मग तो कायदा आला. सार्वजनिक वाचनालयाकडं एखाद्या पुस्तकाची छापील प्रत असेल तर त्या पुस्तकाचं वेबवरचं सगळं खानदान, म्हणजे नवी आवृत्ती, व्हिडिओ, सराव परीक्षा, त्याच विषयाच्या साइटी, हे त्या वाचनालयाच्या सभासदाला फुकट उघडलं पाहिजे. अट एकच. एक प्रत, एक वाचक.

पण एवढ्या कोट्यवधी पानांतलं कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं, हे ठरवणार कोण? ते ठरवतं कवाड. फोनच्या ब्राउझरला जोडलेली एवढीशी गोष्ट आहे ती. तुम्ही बंद पानावर गेलात की कवाड त्या पानाच्या विषयाची आकड्यांची एक लांब माळ बनवतं. जवळच्या विषयांच्या माळा जवळजवळ सारख्या येतात, कांद्याची आणि लसणाची शेजारी शेजारी, कांद्याची आणि कायद्याची लांब. मग ती माळ आमच्या कॅटलॉगशी ताडायची. आणि कॅटलॉगमध्ये तर सगळं आधीच लिहिलेलं! पुस्तकाचं नाव, लेखक, विषयाचा आकडा, प्रती किती, आत्ता कपाटात आहे का कुणाच्या घरी. शंभर वर्षं गावोगावच्या ग्रंथपालांनी हे पुस्तक सापडावं म्हणून लिहून ठेवलं होतं, आता त्यावरच वेबची कुलपं उघडायला लागली. विषय जुळला, प्रत मोकळी असली, की टक्. दार उघडलं.

म्हणजे बघा काय झालं! गावाच्या कपाटात जेवढं, तेवढंच गावाचं इंटरनेट. कुणाच्या तरी आजोबांनी दिलेलं मोटार रिवाइंडिंगचं पिवळं पडलेलं पुस्तक होतं, त्याच्या जोरावर गावातला जमीर आज इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारी दुरुस्त करतो. लोक रद्दीच्या दुकानात जाऊन पुस्तकं शोधायला लागले. लग्नात भांड्यांऐवजी वाचनालयाला पुस्तक द्यायची पद्धत पडली. मूळव्याधीवरचं पुस्तक आमच्याकडं एकच, त्याला सगळ्यात मोठी रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण काउंटरवर येऊन सांगणार, "मित्रासाठी पाहिजे होतं."

म्हणून तर सरांचा तो नियम. गावाला लाज वाटली तर गाव कवाड उघडणारच नाही.

आता बसूदादा. मल्लूकाकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. सात वर्षांचा असताना मेंदूज्वर झाला, जीव वाचला, ऐकू येणं गेलं. त्याआधी बोलायला शिकला होता म्हणून बोलतो, पण शब्द एकमेकांना घासत बाहेर येतात. नवीन माणूस दोनदा "काय?" म्हणतो आणि तिसऱ्यांदा नुसता हसतो. ते हसणं बसूदादाला बरोबर ओळखू येतं. काकांनी त्याला चष्मा घेऊन दिलाय, समोरच्याचं बोलणं काचेवर लिहून येतं तो. भारीतला. आणि तेवढ्यावर काकांच्या लेखी विषय संपला होता.

पण दादाला बेळगावची काही बहिरी मुलं ऑनलाइन भेटली, खुणांच्या भाषेत बोलणारी, आणि हा पुरता वेडा झाला. तिथं बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायला तयार करणारा एक कोर्स आहे, तो त्याला करायचा होता. घरात तो विषय निघाला तेव्हा मी तिथंच होते, शेंगा फोडत.

"चष्मा दिलाय न्हवं?" काका म्हणाले. "समद्यांचं समदं लिहून दिसतंय. मग चारचौघांत हात कशाला नाचवायचं? लोक बघत्यात."

"आप्पा, चष्म्यात दुसऱ्याचं बोलणं येतं." बसूदादा एकेक शब्द जपून ठेवत होता. "माझं कुठं येतं?"

काका उठले आणि डंकावर निघून गेले. आणि गंमत सांगू? त्या डंकावर आवाज एवढा असतो की तिथं कुणीच तोंडानं बोलत नाही! काका गिऱ्हाइकाला बोटांनी विचारतात, बारीक का जाड, लसूण घालू का नको, किती वेळानं येणार. सगळा धंदा खुणांवर! फक्त पोराशी नाही.

त्यानंतर बापलेक बोलेनासेच झाले. आणि एका मंगळवारी दादा वाचनालयात आला, फोन माझ्यापुढं धरला. रविवारी प्रवेश परीक्षा. सरावाचे सगळे व्हिडिओ एका साइटवर, आणि तिच्यावर कवाडाची पाटी: ‘आपल्या वाचनालयात या विषयाची प्रत नाही.’

"शिवा, काहीतरी कर," तो म्हणाला. "पास झालो तर बेळगाव. नापास झालो तर पुणे, कुरिअरमध्ये मित्र आहे. बॅग भरलीय."

"आणि घरी कधी येणार?"

चष्म्यावर माझा प्रश्न उमटलेला मला उलटा दिसत होता. त्यानं तो वाचला आणि चष्मा काढून खिशात टाकला. म्हणजे बोलणं बंद.

मला दिसायलाच लागलं. काकू, काका, ते घर, आणि मधे कायमची रिकामी खाट. मी तावातावानं कॅटलॉग उघडला. खुणांच्या भाषेचा आकडा ४१९. शोधलं, एकही पुस्तक नाही. इंग्रजीत बघितलं, हिंदीत बघितलं, नाही.

"देणगीची कपाटं बघितलीस?" सरांनी पेपराआडून विचारलं. "तिथं आकड्यावर जाऊ नको. तिथं माणसाच्या नावानं लावलंय सगळं."

तुम्हाला माहितीय ना, प्रत्येक जुन्या वाचनालयात असतं ते, ‘कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलेलं काचेचं कपाट. घरच्यांची इच्छा असते की आमच्या माणसाची पुस्तकं एकत्रच राहावीत, आणि मग जुने ग्रंथपाल अख्ख्या गठ्ठ्याला एकच विषय देऊन मोकळे व्हायचे. आमच्याकडं कै. नलिनी शिरगुप्पे यांचं कपाट आहे. त्या नाच शिकवायच्या. त्यामुळं सगळं कपाट ७९३, नृत्य. पण सर म्हणाले की नलिनीबाई उतारवयात बेळगावच्या बहिऱ्या मुलींच्या शाळेतसुद्धा नाच शिकवायला जायच्या. मी यादी खाली सरकवत गेले. नृत्य, नृत्य, नृत्य, ‘हातांची भाषा’, नृत्य—

हातांची भाषा!

ते नाचाचं पुस्तकच नव्हतं! ते खुणांच्या भाषेचं पुस्तक होतं, नाचाच्या कपाटात बसून नाचाचा आकडा मिळालेलं. आणि ते कुणाकडं होतं? मल्लूकाकांकडं! आरशासमोर दार लावून! माणूस पोराची भाषा शिकत होता, चोरून, आणि पोरगा बॅग भरून बसला होता!

आणि ते बिचारं कवाड बघा. काकांनी त्या पुस्तकाच्या जोरावर फोन उघडला असणार तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? सगळ्या भरतनाट्यमच्या साइटी! मला हसू पण येत होतं आणि रडू पण.

"सर, मी दादाला सांगते. आत्ता सांगते."

सरांनी पेपर खाली ठेवला. ते कधी ठेवत नाहीत. "काय सांगतेस?"

"की त्याचे वडील—"

"मी काही ऐकलं नाही. तू पण काही वाचलं नाहीस."

"अहो, चांगल्यासाठीच आहे ना! घर मोडतंय त्यांचं!"

"आज तू चांगल्यासाठी सांगशील. उद्या एखाद्या पोरीच्या बापाला कुणीतरी सांगेल, तुमची मुलगी घटस्फोटाच्या कायद्याची पानं वाचतीय. तेही चांगल्यासाठीच." ते शांतपणे बोलत होते, त्यामुळं जास्तच लागत होतं. "तुझ्या काकांना घरात सांगायची लाज वाटली. पण इथून पुस्तक न्यायची नाही वाटली. का नाही वाटली?"

मी गप्प. म्हणजे खरंच गप्प, लिहून ठेवा कुठंतरी.

रागारागानं मी वाचनकक्षात जाऊन बसले. समोर नेहमीचे तीन आजोबा. एक पेपर. पहिल्या आजोबांकडं पहिलं पान, दुसरे मागच्या बाजूनं क्रीडा पान वाचतायत, तिसरे पहिल्यांच्या खांद्यावरून डोकावतायत आणि म्हणतायत, "पान पालटू नका हो, माझं व्हायचंय."

मी बघतच राहिले. मग ओरडले, "सर! एक प्रत, एक वाचक ना? मग हे तिघं कसे काय?"

"ते वाचनकक्षात बसलेत," सर दारात येऊन म्हणाले. "घरी नेलेली प्रत माणसाची. वाचनकक्षातली प्रत टेबलाची. टेबलाला बसेल तो वाचेल."

"हे कॅटलॉगमध्ये आहे?"

"जागेचा रकाना. ‘घरी’, ‘कपाटात’, ‘वाचनकक्षात’. पहिल्यापासून आहे. हल्ली कोण बघतंय?"

कवाड बघतं! कवाड सगळे रकाने बघतं! मी धावत काउंटरवर गेले, सरांच्या सहीनं ७९३ चं ४१९ केलं. कवाडात एक सोय आहे, पुस्तक ज्याच्याकडं असेल त्याला नाव न सांगता निरोप जातो. मी लिहिलं: ‘आपल्याकडील ‘हातांची भाषा’ या प्रतीची एक वाचक वाट पाहत आहे. प्रत परत करू नये. शनिवारी सकाळी वाचनकक्षात आणल्यास दोघांनाही वाचता येईल.’ आणि दादाला: ‘आपण मागितलेला विषय शनिवारी सकाळी वाचनकक्षात उघडण्याची शक्यता आहे.’

सरांनी दोन्ही वाचले. "‘परत करू नये’ असं आपल्या वाचनालयानं कुणाला पहिल्यांदाच सांगितलं," म्हणाले, आणि पाठवायचं बटण त्यांनीच दाबलं.

शनिवारी दादा आधी आला. खांद्याला बॅग. भरलेली. कोपऱ्यातल्या टेबलावर बसला, फोन पुढ्यात, साइटचं दार बंदच. मी दर मिनिटाला रस्त्याकडं बघतेय. काका येतील? का घाबरून पुस्तक कुणाच्या तरी हाती पाठवून देतील? मग ते दिसले. रस्त्याच्या पलीकडं, बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. आले, पायरीपाशी थांबले, परत वळले, पानपट्टीपर्यंत गेले. गेले! मी मरायला टेकले. आणि पुन्हा वळून सरळ आत आले, कुस्तीच्या आखाड्यात उतरल्यासारखे.

आणि समोर बसूदादा.

"मी... ते... लाइटबिलाचं इचारायला आलतो," काका भिंतीला म्हणाले.

आजोबांपैकी एक शिंकले. मग दुसरे. काकांच्या अंगावरचं तिखट हो! मग मी, मग सर. दादानं चष्म्यावर काय आलं ते नंतर सांगितलं: ‘शिंक. शिंक. शिंक. शिंक.’ बाकी जगातलं काही नाही.

काकांनी कागद सोडला आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. मी काउंटरवरून जागेचा रकाना बदलला. दादाच्या फोनवर टक्. दार उघडलं, पोरंपोरी हात हलवून बोलायला लागली, अख्खी साइट, सगळे धडे. पण दादा फोनकडं बघतच नव्हता.

तो पुस्तकाकडं बघत होता. पहिलं पान, कोपऱ्यात लाल अंगठा. तिखटाचा. दुसरं पान, लाल अंगठा. त्यानं पटापट पानं उलटली. ‘आई’च्या पानावर अंगठा, ‘पाणी’च्या पानावर अंगठा, ‘दुखतंय का’ या पानावर तर एवढे की चित्र धड दिसेना. शेवटच्या पानापर्यंत. त्याला कुणी काही सांगितलं नाही. मी तर दोन्ही हात तोंडावर दाबून उभी होते. ते सगळं त्यानं स्वतः वाचलं.

त्यानं डोळे चोळले. त्याच बोटांनी! मग काय, धो धो पाणी. "मिरची," तो म्हणाला. काकांनीही डोळे पुसले. "व्हय, मिरचीच," ते म्हणाले.

मग काकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि उजवा हात वर धरला. मधली तीन बोटं खाली वाकवलेली, अंगठा आणि करंगळी ताठ, शिंगांसारखी. त्यांनी तो दादाकडं नेला आणि आपल्याकडं ओढला. परत नेला, परत ओढला.

दादाला कळेना. पुस्तक चाळलं, नाही. फोनवर शोधलं, अशी खूणच नाही. "हे काय?" त्यानं विचारलं.

काकांनी गडबडून फोन काढला, जपून ठेवलेलं एक चित्र दाखवलं. नाचाच्या साइटवरचं. मीही मान लांब करून वाचलं: ‘मृगशीर्ष. हरणाचे मस्तक. उपयोग: प्रिय व्यक्तीस हाक मारणे.’

"मला वाटलं समद्यांचं एकच असतंय," काका म्हणाले. "पुस्तकात ‘हाक मारणे’ काय गावंना. फोनमधी गावलं. म्हटलं, पयलं हेच शिकावं."

बसूदादानं आधी चित्र बघितलं, नंतर काकांचा हात. मग हसला. कसा हसला म्हणून सांगू! ‘शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खाली बसून, पोट धरून, स्वतःचा आवाज केवढा होतोय याची जराही फिकीर न करता. "आप्पा, हे हरीण झालं! तुम्ही मला हरीण म्हणताय!" आणि काकाही हसायला लागले, आणि ते तिसरे आजोबा म्हणाले, "झालं का तुमचं? पान पालटा आता."

दोघं दुपारपर्यंत तिथंच बसले होते. दादा फोनवर बघून खूण दाखवायचा, काका जुन्या पुस्तकातली वेगळीच करायचे, मग भांडायचे. हातांनी. काकांना पहिल्यांदाच घसा न बसता भांडता येत होतं. बॅग संध्याकाळी काकाच उचलून घरी घेऊन गेले.

परीक्षेत दादा पास झाला, अगदी काठावर, पण झाला. आता बेळगावला असतो, शनिवारी घरी येतो. तिकडं कुणी खुणांच्या भाषेत नवीन आलं की त्याला एक खुणेचं नाव देतात म्हणे, शब्द नाही, एक खूण, ती म्हणजे तो माणूस. दादाला विचारलं तेव्हा त्यानं तीन बोटं वाकवली आणि शिंगं काढली. अख्ख्या शाळेत आता बसवराज चौगुले म्हणजे हरीण.

परवाच्या शनिवारी मी डंकावर गेले होते, आईची चटणी आणायला. मुसळं धडाम धडाम चाललेली. दादा रस्त्याच्या पलीकडं बसमधून उतरला. काकांनी बघितलं, तिखटाचा लाल हात उंच केला, हरीण. दादा आला आणि दोघं सुरू झाले. हात असे भराभर, मधेच काका डोक्याला हात लावतायत, दादा खांदे उडवतोय, काहीतरी जबरी गंमत चाललेली.

"काय म्हणताय?" मी ओरडले. कुणी बघेना. "अहो, काय चाललंय? मला सांगा ना!"

मी दादाची बाही ओढली, तर त्यानं न बघताच आपला चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर बसवला. काचेवर आलं: ‘यंत्राचा आवाज.’ मग खाली परत: ‘यंत्राचा आवाज.’

एवढी बडबडी मी, पण त्या गलक्यात बहिरी अशी मी एकटीच होते.

सोमवारी मी पहिलं काम काय केलं असेल? ‘हातांची भाषा’ला माझं नाव लावायला गेले. सरांनी स्क्रीन बघितला आणि म्हणाले, "तुझ्या आधी रांगेत चार जण आहेत."

"कोण कोण?" मी विचारलं.

सरांनी पेपर वर केला.